सोन्याच्या रंगानें पाण्याची परीक्षा

सोनाराच्या दुकानांतील कसोटीचा काळा दगड आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. दागिना त्या दगडावर घासावा, उमटलेली रेघ निरखावी आणि तिच्या रंगावरून सोन्याचा कस सांगावा, ही रीत फार जुनी आहे. या लेखांत आम्ही जी हकीकत सांगणार आहों तींत प्रकार नेमका उलटा आहे. तेथें परीक्षा करणारें सोनें असून परीक्षा व्हावयाची ती पाण्याची. सोन्याचे अत्यंत बारीक कण पाण्यांत तरंगत ठेवले असतां त्या पाण्यास पातळ कोकम-सरबतासारखा तांबडा रंग येतो. आणि अशा पाण्यांत पारा, शिसें वगैरे धातूंचा विरघळलेला अंश मिसळला तर, योग्य तजवीज केलेली असल्यास, तोच रंग पाहतां पाहतां जांभळा अथवा निळा होतो. सोनें पिवळें असतें हें लहान मुलासहि ठाऊक आहे. तेंच सोनें तांबडें आणि निळें कसें होतें, त्या रंगावरून पाण्यांतील विष कसें कळतें, आणि मुख्य म्हणजे त्या रंगावर विश्वास कितपत ठेवावा, हें सांगण्याचा आमचा विचार आहे. यांतील शेवटचा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचला नाहीं. आमच्याच हातून झालेल्या एका चुकीनें तो पुढें आणला. ती चूक योग्य स्थळीं सांगूं.

पाण्यांत विष आहे कीं नाहीं हें ओळखण्यास इतका खटाटोप कशास, असें कोणी विचारील. निर्गमाच्या पुस्तकांत मारा येथील कडू पाण्याची गोष्ट आहे. तीन दिवस अरण्यांत चाललेल्या तहानलेल्या लोकांसहि तें पाणी पिववेना. पाणी वाईट आहे हें त्यांस त्यांच्या जिभेनेंच सांगितलें. परंतु पाऱ्याचे अथवा शिशाचे क्षार अत्यल्प प्रमाणांत पाण्यांत विरघळले असतील तर जीभ कांहीं सांगत नाहीं, नाक सांगत नाहीं, आणि डोळ्यांस तर पाणी आरशासारखें स्वच्छ दिसतें. तें उकळल्यानेंहि निर्दोष होत नाहीं; उलट पाणी आटून विषाचें प्रमाण वाढतें मात्र.

जपान देशांतील क्यूशू बेटावर मिनामाता नांवाचें एक गांव समुद्रकांठीं आहे. तेथील एका रासायनिक कारखान्याचें सांडपाणी पुष्कळ वर्षें उपसागरांत सोडलें जात होतें, आणि त्यांत पाऱ्याचा अंश असे. इ. स. १९५६ च्या मे महिन्यांत तेथील एका अपरिचित मज्जारोगाची सरकारदरबारीं पहिली नोंद झाली. रोग्यांच्या हातापायांस कंप सुटे, दृष्टि आकुंचित होई, बोलणें अडखळे. कित्येक दगावले, आणि कित्येक मुलें आईच्या पोटांतूनच पंगु जन्मास आलीं. त्यापूर्वींच गांवांतील मांजरें वेडींवांकडीं नाचून मरतात असें लोकांनीं पाहिलें होतें. समुद्रांतील पारा माशांत सांचे, आणि ते मासे कोळ्यांच्या ताटांत येत. रोगाचें कारण कारखान्याचा पारा हेंच होय, असें जपान सरकारनें अधिकृतपणें मान्य केलें तें १९६८ सालीं. मध्यें बारा वर्षें गेलीं. त्या बारा वर्षांत पाण्याचा रंग कांहीं एक बदलला नव्हता.

पाण्यांत विरघळलेला धातु हा धातूच्या तुकड्यासारखा नसतो. त्याच्या प्रत्येक परमाणूनें आपले एक-दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, आणि त्यामुळें त्यावर धन विद्युद्भार असतो. अशा भारयुक्त परमाणूस आयन म्हणतात. पिण्याच्या पाण्यांत असे आयन किती चालतील याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. भारतीय मानक १०५०० च्या सन २०१२ च्या आवृत्तीप्रमाणें पाऱ्याची मर्यादा दर लिटरास एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें अकार्बनी पाऱ्यासाठीं सहा मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. शिशाची मर्यादा दोहोंच्या मतें दहा मायक्रोग्रॅम.

हे आंकडे नुसते वाचून मनापुढें कांहीं उभें राहत नाहीं. म्हणून अशी कल्पना करा कीं, पन्नास मीटर लांब, दहा मीटर रुंद व दोन मीटर खोल असा एक हौद कांठोकांठ भरलेला आहे. त्यांत दहा लाख लिटर पाणी मावतें. या सर्व पाण्यांत, आपल्या जुन्या वजनानें बोलावयाचें तर, सुमारें एक मासा पारा क्षाररूपानें विरघळला कीं भारतीय मर्यादा गांठली; अर्धा तोळा विरघळला कीं जागतिक मर्यादा गांठली. अर्धा तोळा पारा म्हणजे शेंगदाण्याएवढा एक थेंब. हा हौद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

रंगावरून परीक्षा करण्याची कल्पना आपल्या घरांतच आहे. सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा होतो. मुलें त्यास जादू म्हणतात. वस्तुतः हळदीनें साबणांतील अल्क ओळखलें इतकेंच. लिंबू पिळलें कीं डाग पुन्हां पिवळा. अशा परीक्षेस यंत्र लागत नाहीं, वीज लागत नाहीं, पाहणाऱ्याचे डोळे पुरतात. पाण्यांतील धातूंचें सूक्ष्म प्रमाण मोजणारीं यंत्रें महाग असून तीं शहरांतील प्रयोगशाळांत असावयाचीं, आणि विहीर तर खेड्यांत. तेव्हां विहिरीच्या कांठावरच रंग पाहून निर्णय करतां आला तर किती सोय होईल! अडचण एवढीच कीं, मायक्रोग्रॅमनें मोजावयाच्या पदार्थानें साधा रंग पालटला तरी तो फरक डोळ्यांस दिसण्याइतका गडद होत नाहीं. येथें सोनें उपयोगीं पडतें. सोन्याचा एक सूक्ष्म कण हा चांगल्या रंगद्रव्याच्या एका अणूपेक्षां हजारपटीहून अधिक प्रकाश गिळतो. त्यामुळें थोडक्या कणांची हालचालहि डोळ्यांस कळते.

या तांबड्या सोन्याचा शास्त्रीय अभ्यास प्रथम मायकेल फॅरडे यानें केला. विजेच्या पाठांत त्याचें नांव आमचे विद्यार्थी वाचतातच. तो लोहाराचा मुलगा. लहानपणीं पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत असे, आणि जीं पुस्तकें बांधावयास येत तीं वाचून शिकला. एका लहानशा ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचा तो वडीलहि होता. इ. स. १८५७ च्या फेब्रुवारींत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें सोनें व प्रकाश यांच्या संबंधावर एक व्याख्यान दिलें. सोन्याच्या क्लोराइडाच्या द्रावणावर फॉस्फरसाची क्रिया घडवून त्यानें माणकासारखें तांबडें द्रव तयार केलें होतें. हा रंग कोणा नव्या संयुगाचा नसून सोन्याच्याच अतिशय बारीक कणांचा आहे, असें त्यानें अनुमान केलें. ते कण त्या काळच्या कोणत्याहि सूक्ष्मदर्शकांत दिसणें शक्य नव्हतें. तरी द्रवांतून प्रकाशाची तिरीप सोडली म्हणजे तिचा मार्ग उजळून दिसे, आणि त्यावरून आंत कांहीं तरी तरंगत आहे हें तो ताडी. झरोक्यांतून आलेल्या उन्हांत धुळीचे कण चमकतात, तसाच हा प्रकार. याच प्रसंगीं त्यानें आणखी एक गोष्ट नमूद केली: तांबड्या द्रवांत थोडें मीठ घातलें कीं तें निळें होतें. पुढील सर्व हकीकतीचें बीज या एका निरीक्षणांत आहे.

कारण कळावयास अर्धें शतक लागलें. १९०८ मध्यें गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानें गणितानें दाखविलें कीं, लहान धातुगोलावर प्रकाश पडला असतां तो कोणते रंग गिळील हें त्या गोलाच्या आकारमानावर अवलंबून असतें. गणित बाजूस ठेवून आम्ही तें झोपाळ्याच्या दृष्टान्तानें सांगूं. झोपाळ्यास त्याच्या स्वतःच्या लयीनें हात दिला तर तो थोडक्या श्रमानें उंच जातो. भलत्याच लयीनें हात दिला तर मेहनत फुकट जाते. धातूंतील मोकळे इलेक्ट्रॉन हे अशा झोपाळ्यासारखे आहेत, आणि प्रकाशाच्या लहरी म्हणजे देणाऱ्याचे हात. तेरा नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणांतील इलेक्ट्रॉनांची लय सुमारें ५२० नॅनोमीटर लांबीच्या लहरींशीं, म्हणजे हिरव्या प्रकाशाशीं, जुळते. कण हिरवा प्रकाश गिळतात आणि तांबडा पुढें जाऊं देतात. पण दोन कण एकमेकांच्या अगदीं जवळ आले म्हणजे त्यांचे झोपाळे जणूं एकाच आढ्यास टांगल्यासारखे होतात. एकाच्या झोक्यानें दुसरा हालतो आणि दोघांची मिळून लय मंदावते. मंद लय अधिक लांब लहरींशीं, म्हणजे नारिंगी-तांबड्या प्रकाशाशीं, जुळते. आतां तांबडा प्रकाश गिळला जातो आणि निळा शिल्लक राहतो. सारांश, सोन्याचा रंग हा या ठिकाणीं कणांमधील अंतराचा मापक आहे. कण दूर तर पाणी तांबडें, कण जवळ तर पाणी निळें. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेरा नॅनोमीटरांचे कण एका ओळींत मांडले तर एका मिलिमीटरांत पाऊण लाखाहून अधिक बसतील. असें असूनहि एका कणांत सोन्याचे साठ-सत्तर हजार परमाणु असतात.

असें द्रव करण्याची सोपी रीत जॉन टर्केविच व त्यांचे सहकारी यांनीं १९५१ मध्यें प्रसिद्ध केली, आणि आम्हीं वरच्या वर्गास तीच करून दाखविली. सोन्याच्या क्लोराइडाचें अतिशय सौम्य, फिकट पिवळें द्रावण चंबूंत उकळावयाचें आणि उकळत असतां त्यांत सोडियम सायट्रेटाचें द्रावण घालावयाचें. सायट्रेट हा लिंबांतील आम्लापासून होणारा क्षार. प्रथम पिवळा रंग मावळतो. मग पाणी क्षणभर कांहींच नसल्यासारखें दिसतें. नंतर एक काळसर निळी छटा येते, ती जांभळी होते, आणि कांहीं मिनिटांत सर्व चंबू माणकासारखा तांबडा होतो. शंभर मिलिलिटरांत सोनें पांच मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक ग्रॅम सोन्यांत वीस लिटर पाणी रंगावें. आमचा पहिला चंबू मात्र बिघडला. भांडें नुसतें साबणानें धुतलेलें होतें; द्रव मळकट जांभळें होऊन बसलें. दुसऱ्या खेपेस भांडें अम्लराजानें धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्यानें अनेकदां खळबळून घेतलें, तेव्हां काम साधलें. अम्लराज हें सोन्यासहि विरघळविणारें आम्ल आहे. विद्यार्थ्यांनीं त्यास हात लावावयाचा नाहीं.

सायट्रेटाचें काम सोनें वेगळें काढल्यानें संपत नाहीं. तें प्रत्येक कणास चिकटून राहतें आणि त्यास ऋण भार देतें. सजातीय भार एकमेकांस दूर ढकलतात, म्हणून कण परस्परांपासून अलग राहतात. आम्हीं दोन परीक्षानळ्यांत तांबडें द्रव घेतलें. एकींत मिठाचें पाणी घातलें, दुसरींत साखरेचें. साखरेच्या नळींत कांहीं झालें नाहीं. मिठाच्या नळींत रंग क्षणांत निळा झाला. मिठाचे सोडियम आयन धन भाराचे. ते कणांभोंवतीं गर्दी करून त्यांचा ऋण भार झांकून टाकतात, मग कणांस एकमेकांजवळ येण्यास आडकाठी राहत नाहीं. साखरेच्या अणूवर भारच नाहीं. हा प्रयोग कोणत्याहि विद्यार्थ्यास विसरतां येणार नाहीं असा आहे.

आणि येथेंच आमची चूक झाली. प्रयोग संपवितांना आम्हीं वर्गास सांगितलें कीं, पारा व शिसें यांचे आयनहि अशाच रीतीनें सोन्याचा रंग पालटतात. सांगणें खरें होतें, पण अपुरें होतें. दुसऱ्या दिवशीं एका मुलानें घरच्या विहिरीचें पाणी बाटलींतून आणलें आणि आमची परवानगी घेऊन तें तांबड्या द्रवांत ओतलें. पाणी निळें झालें. आम्ही त्या वेळीं दुसऱ्या मुलांत गुंतलों होतों. पाहूं मग, असें म्हणून आम्हीं तें तसेंच ठेवलें. मुलगा मात्र थांबला नाहीं. घरीं जाऊन त्यानें आईस सांगितलें कीं, आपल्या विहिरींत विष आहे, शाळेंत सिद्ध झालें. त्या माउलीनें हंडे पालथे केले. घरांत आजी अंथरुणास खिळलेली, एक तान्हें मूल. आणि दोन दिवस त्या घरच्या बायकांनीं बऱ्याच दूरवरून डोक्यावर पाणी आणलें. शेजाऱ्यांत कुजबूज सुरू झाली तेव्हां मुलाचे वडील आमच्याकडे आले. ते रागावले नाहींत. त्यांनीं फक्त विचारलें, "गुरुजी, तुमचा रंग खोटें बोलतो का?"

रंग खोटें बोलला नव्हता. आम्हींच त्यास प्रश्न नीट विचारला नव्हता. त्या विहिरीचें पाणी जड आहे. आमच्या काळ्या खडकाच्या मुलखांत अशा विहिरी पुष्कळ. त्यांच्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं आणि साबणास फेस येत नाहीं. तें जडपण कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या आयनांचें. हे आयन दुहेरी धन भाराचे असतात, आणि दुहेरी भाराचा आयन कणांचा भार झांकण्यांत सोडियमाहून कितीतरी पटींनीं प्रबळ ठरतो. आम्हीं दुसऱ्या दिवशीं ऊर्ध्वपातित पाण्यांत नुसतें कॅल्शियम क्लोराइड विरघळवून तें तांबड्या द्रवांत घातलें. हुबेहूब तसाच निळा रंग आला. विहिरीच्या पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेकडे पाठविला. उत्तर आलें कीं जडपण अधिक आहे, शिसें अथवा पारा मर्यादेबाहेर नाहीं. पहिल्याच दिवशीं एक नळी कॅल्शियमाची व एक निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्याची अशा साक्षीस ठेविल्या असत्या, तर त्या घरचे हेलपाटे टळते. आम्ही त्या गृहस्थांच्या घरीं जाऊन ही गोष्ट सर्वांसमक्ष सांगितली.

तेव्हां सायट्रेटाचे उघडे कण हे भित्र्या रखवालदारासारखे आहेत. कोणीहि आलें तरी ओरडतात. शास्त्रज्ञांचा खरा प्रयत्न त्यांस माणूस ओळखावयास शिकविण्याचा आहे. त्यासाठीं कणांवर असे अणु बसवितात कीं ज्यांचें एक टोंक सोन्यास घट्ट धरतें आणि दुसरें टोंक विवक्षित धातूच्या आयनाकडे हात पसरतें. दोन कणांचे हात एकाच आयनानें धरले म्हणजे कण जवळ येतात. अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत जोसेफ हप व त्यांचे सहकारी यांनीं २००१ मध्यें अशा कणांनीं शिसें, कॅडमियम व पारा यांचे आयन ओळखून दाखविले. त्या द्रवांत पुढें आयनांस ओढून घेणारें ईडीटीए हें द्रव्य घातलें कीं निळा रंग जाऊन तांबडा परत येई. म्हणजे कण खरोखरच आयनांनींच बांधले होते याचा पुरावा मिळे. तथापि या रखवालदारास तिन्ही चोर सारखेच. त्यांतला कोणता आला हें तो सांगत नसे.

पाऱ्यासाठीं याहून चतुर युक्ति निघाली ती सजीवांच्या शरीरांतील डीएनए या द्रव्यापासून. डीएनएची सांखळी चार प्रकारच्या घटकांची असते, आणि त्यांतील थायमीन हा घटक समोरच्या सांखळींतील अॅडेनीन या घटकाशींच जोडी जमवितो. थायमीनासमोर थायमीन आला तर जोडी जमत नाहीं. पण पाऱ्याचा आयन मध्यें आला तर तो गळ्यांतील सांखळीच्या फांशाप्रमाणें दोन थायमीनांस अडकवून ठेवतो, आणि इतर धातूंस हें काम बहुधा साधत नाहीं. त्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील चॅड मर्किन व त्यांचे सहकारी यांनीं २००७ मध्यें याचा उपयोग केला. सोन्याच्या कणांवर त्यांनीं अशा सांखळ्या बसविल्या कीं त्या परस्परांत गुंतून कणांचे पुंजके करीत, परंतु मध्यें एका जागीं थायमीनासमोर थायमीन येई. पुंजक्यांचें द्रव जांभळें. तें तापविलें कीं ठराविक उष्णतेस सांखळ्या सुटून कण मोकळे होत आणि द्रव तांबडें होई. पारा असला तर फांसा बसलेला असल्यामुळें सांखळ्या त्या उष्णतेस सुटत नसत. म्हणून योग्य उष्णता धरून ठेवली असतां, बिनपाऱ्याचें पाणी तांबडें आणि पाऱ्याचें जांभळें, असा भेद नुसत्या डोळ्यांस दिसे. जें काम पूर्वीं बंद खोलींतील यंत्र करीत होतें, तें एका नळींतल्या रंगानें केलें, हें आमच्या मतें रसायनशास्त्रांतील फार सुंदर कामांपैकीं एक आहे.

आतां त्या हौदाची आठवण करूं. ही परीक्षा लिटरास सुमारें वीस मायक्रोग्रॅम पाऱ्यापर्यंत पोंचली. म्हणजे हौदांत पावणेदोन तोळे पारा असला तर ती सांगेल. अर्धा तोळा असला, जागतिक मर्यादा गांठली, तरी तिचें पाणी तांबडेंच राहील. एक मासा असला, भारतीय मर्यादा गांठली, तरी तांबडेंच. संशोधकांनीं आपली मर्यादा लपविली नव्हती. ती त्यांनीं स्वतःच छापली. पुढें याहून सूक्ष्म परीक्षाहि अनेकांनीं प्रसिद्ध केल्या आहेत. पण आमच्या विहिरीच्या प्रकरणांत निळा रंग पाहून व्यर्थ भीति पडली, तशीच येथें तांबडा रंग पाहून व्यर्थ धीर येण्याचा संभव आहे, आणि दोहोंत ही दुसरी चूक अधिक घातक. पहिलीनें पाणी लांबून आणावें लागलें. दुसरीनें तेंच पाणी लोक पीत राहतील. तांबडा रंग "पारा नाहीं" असें म्हणत नाहीं. "माझ्या नजरेस येईल इतका नाहीं" एवढेंच म्हणतो.

शिशाची एक प्रसिद्ध परीक्षा तर रंगाच्या बाबतींत अगदीं उलटी आहे. इलिनॉय विद्यापीठांत यी लू व जुएवेन ल्यू यांनीं २००३ मध्यें ती प्रसिद्ध केली. तींत सोन्याचे कण डीएनएच्या सांखळ्यांनीं एकत्र बांधलेले असतात, आणि त्या बांधणींत डीएनएचाच एक असा तुकडा गोंविलेला असतो कीं तो शिशाचा आयन मिळतांच कात्रीप्रमाणें सांखळी कापतो. शिसें नसेल तर कण बांधलेले राहून पाणी निळें. शिसें असेल तर सांखळ्या तुटून पाणी तांबडें. म्हणजे पाऱ्याच्या परीक्षेंत ज्या तांबड्या रंगानें धीर यावा, त्याच तांबड्यानें येथें सावध व्हावें. या परीक्षेंतील आणखी एक कौशल्याची गोष्ट अशी कीं, बोथट कात्र्या, म्हणजे कापण्याची शक्ति नसलेले तुकडे, कमीअधिक मिसळून परीक्षेची नजर कोणत्या प्रमाणाच्या शिशावर रोखावी हें ठरवितां येतें. सराफाच्या लहान तराजूनें धान्याचें पोतें तोलीत नाहींत, तसेंच हें.

आमच्या पालकांपैकीं कांहींनीं विचारलें कीं, मग ही परीक्षा घरीं करतां येईल काय? आमचें उत्तर असें कीं, आमच्या शाळेंत झाली तशी तर करूं नये. ती पाठ म्हणून चांगली, निवाडा म्हणून नव्हे. ज्यास आपल्या पाण्याची शंका असेल त्यानें नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि कोणत्या धातूंसाठीं तपासणी हवी तें स्पष्ट लिहावें. नुसतें "पाणी तपासा" म्हटल्यानें सर्वच धातु तपासले जातील असें नाहीं. नळाच्या पाण्यांत शिसें आहे अशी शंका असल्यास सकाळीं प्रथम येणारें पाणी एका बाटलींत व कांहीं वेळ वाहूं दिल्यानंतरचें दुसऱ्या बाटलींत, असे दोन नमुने घ्यावे. रात्रभर नळांत अडून राहिलेलें पाणी नळाच्या व तोटीच्या धातूंतून शिसें अधिक घेतें. भांड्यांस कल्हई करवितांना कथिल शुद्ध आहे ना, हेंहि पाहावें. स्वस्त कथिलांत शिशाची भेसळ असूं शकते, आणि आंबट पदार्थ तें शिसें बाहेर काढतात.

एका हुशार मुलीनें वर्गांत विचारलें कीं, मिनामाता येथें १९५६ मध्यें ही सोन्याची परीक्षा असती तर तीं माणसें वांचलीं असतीं काय? आम्हांस "होय" म्हणतां आलें असतें तर बरें वाटलें असतें. पण समुद्राचें पाणी खारट. साधे उघडे कण तर मिठानेंच निळे होऊन बसले असते. शिवाय तेथील विष मुख्यतः पाण्यावाटे नव्हे तर माशांवाटे पोटांत गेलें, आणि तेंहि साध्या पाऱ्याच्या आयनाच्या रूपानें नव्हे, मिथिल-पाऱ्याच्या रूपानें. थायमीनाचा फांसा साध्या पाऱ्याच्या आयनावर बसतो. मासा कुटून, त्यांतील पारा प्रथम साध्या रूपांत आणून मगच अशी परीक्षा लावतां आली असती. मुलीनें यावर विचारलें, "मग तो पारा साध्या रूपांत आणावा कसा?" तो प्रश्न आम्हीं पुढील वर्षाच्या वर्गासाठीं फळ्याच्या कोपऱ्यांत लिहून ठेवला आहे.

फॅरडेनें स्वतः केलेल्या सोन्याच्या द्रवांच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. दीडशेहून अधिक वर्षें झालीं तरी त्यांतील द्रव तांबडें दिसतें. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटांत दोन नळ्या आहेत. एक न बिघडलेल्या चंबूंतील, ती अजून तांबडी. दुसरी त्या मुलाच्या विहिरीच्या पाण्याची. तिचा निळा रंग आठवड्याभरांत गेला. आतां वर स्वच्छ पाणी असून तळाशीं काळसर गाळाची एक बारीक रेघ बसली आहे. तें सर्व सोनेंच आहे. नळीवर मुलानें स्वतःच्या हातानें चिठ्ठी लावली आहे: "जडपण. विष नव्हे."